कवडूजींचा कोरा परवाना

जंगल खात्यात नोकरी केली म्हटलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "वाघ किती पाहिले?" सिंदी मेघेला घर बांधून राहिल्यापासून हा प्रश्न मला दुधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. वाघ मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा त्याची पाठ. बाकीची नोकरी मी जमिनीकडे बघत काढली, कारण माझं मुख्य काम लेंड्या मोजण्याचं होतं.

हसू नका. सरकारला जंगलात चितळं किती हे कळायला हवं असतं आणि चितळं हजेरीला उभी राहत नाहीत. म्हणून त्यांच्या लेंड्या मोजायच्या. थंडीत जंगलातून सरळ रेघा आखायच्या, रेघेवर ठरावीक अंतरानं खुंटी ठोकायची, खुंटीला दोरी बांधून गोल काढायचा आणि त्या गोलात लेंड्यांचे ढीग किती ते वहीत लिहायचे. रेंजर साहेबांनी एक सूत्र दिलेलं होतं. त्यात ढिगांचा आकडा घातला की दुसऱ्या बाजूनं चितळं बाहेर पडत. ती वर नागपूरला जात आणि त्यावरून शिकारीचे परवाने किती द्यायचे ते ठरे.

मी बोलतोय ते सत्तरच्या दशकातल्या मधल्या वर्षांबद्दल. नवा कायदा नुकता आला होता. वाघ आणि काळवीट पूर्ण बंद झाले होते, पण चितळ, सांबर, डुक्कर यांना अजून परवाना मिळत असे. सेलूच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचा एक शिकारीचा ब्लॉक होता. परवानेवाला यायचा, माझ्या नाक्यावर नाव लिहायचा आणि ब्लॉकमध्ये जायचा. मारायचा तो फक्त नर, तोही शिंगं पक्की झालेला. शिंगावर लव असेल तर बंदूक खाली. परवान्याच्या मागे तक्ता छापलेला असे. काय मारलं, कधी मारलं, शिंग किती लांब, हे लिहून परवाना मला परत द्यायचा. गावचे लोक मला नाकेदार म्हणत. खाकी कपडे, पट्टा, शिट्टी, आणि वय अठ्ठावीस. एवढ्या वयात एवढा अधिकार मिळाला की माणसाला आपल्यापेक्षा मोठं कोणी सहन होत नाही.

माझ्यापेक्षा मोठा माणूस दरवर्षी फाल्गुनात सेलूच्या वाटेनं बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसून यायचा. त्याचं नाव कवडूजी.

कवडूजी अल्लीपूरचे शेतकरी. पन्नाशी उलटलेली, अंगावर धोतर आणि सदरा, डोक्याला फडकं, खांद्याला बापाची जुनी बारा बोअर बंदूक. शिक्षण चौथी. मी मॅट्रिक, वर सरकारी ट्रेनिंग केलेला. पण ते आले की गावचं वारंच बदलायचं. माझ्यासमोर चहाचा कप ठेवणारे लोक त्यांच्यासाठी पाट मांडायचे. पोरं त्यांच्या मागे, म्हातारे त्यांच्या पुढे. माझा वनमजूर डोमाजी, जो माझ्या तिसऱ्या हाकेला 'ओ' देत असे, तो कवडूजींच्या बंडीची घुंगरं ऐकून अर्धा कोस सामोरा जायचा.

आणि घरात शांता, म्हणजे माझी बायको. कवडूजी तिच्यासाठी घरच्या हळदीची पुडी आणायचे आणि म्हणायचे, "बाई, मायघरी गेलती का औंदा?" एवढ्या एका प्रश्नावर ती त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी काढून द्यायची. तीच बरणी, जी मला सणाशिवाय उघडलेली दिसत नसे. मी जळायचो. त्यासाठी दुसरा शब्द नाही. पोटात दुखायचं आणि ओवा कुठे मागायचा तेही कळायचं नाही.

जंगलात तर विचारू नका. मी वाटेनं जायचो, ते जंगलानं जायचे. मला पाऊल दिसायचं. त्यांना त्या पावलाचं वय, घाई आणि भूक दिसायची. एकदा वर्ध्याचे एक कापडाचे शेठजी परवाना घेऊन आले. सोबत घडीची खुर्ची, स्वयंपाकी आणि थर्मास. आल्याबरोबर मला म्हणाले, "नाकेदार, चार वाजेपर्यंत चितळ झालं पाहिजे, संध्याकाळी लग्नाला जायचं आहे." साडेतीनला त्यांनी गोळी झाडली आणि जनावर जखमी झालं म्हणून ओरडले. नियम असा, की जखमी जनावर शोधल्याशिवाय ब्लॉक सोडता येत नाही. मी तासभर रक्ताचा थेंब शोधत फिरलो. कवडूजी जवळच होते. ते आले, जिथून गोळी सुटली तिथे उभे राहिले, नाकासमोर पन्नास पावलं चालले आणि एका लाल वारुळाला पडलेल्या भोकात बोट घातलं. मग शेठजींना म्हणाले, "शेठजी, नेम तं तुमचा बराबर होता. चितयच आलं नाई." शेठजी खूश होऊन लग्नाला गेले. मला मात्र दोन गोष्टी झोंबल्या. एक, वारूळ मला का दिसलं नाही. दुसरी, दिसलं असतं तर असं बोलणं मला सुचलं असतं का.

म्हणून माझ्या मनातली एक गोष्ट सांगतो, जी मला त्या दिवसांत फार सुख द्यायची. कवडूजींचा परवाना दरवर्षी कोरा परत यायचा. मागचा तक्ता रिकामा. वर आडवी रेघ आणि सही. तीन वर्षं मी बघत होतो, एकही चितळ नाही. मी तो परवाना फाइलला लावताना शीळ घालायचो. गावच्या हॉटेलात चहा पिताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "तुमच्या कवडूजीचा बार औंदाही फुसका निघाला." कोणी हसत नसे. मला वाटायचं, त्यांना वाईट वाटतंय.

परवानेवाले नाक्यावर जमले की तक्रारींना ऊत यायचा. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. जीपवाल्या पाहुण्यांना आधी ब्लॉक, साध्या माणसाला उरलासुरला आठवडा. फी दरवर्षी वाढे. आणि सगळ्यांत मोठी तक्रार झिऱ्याची. ब्लॉकच्या मधोमध नाल्याच्या पोटात एक जुना झिरा होता, म्हणजे खालून पाणी पाझरणारा खड्डा. उन्हाळ्यात सगळ्या डोंगराला तेवढंच पाणी. तो गाळानं भरत आला होता. चैत्र संपता संपता आटायचा आणि चितळं पाण्यासाठी खाली गावाकडे उतरायची, तिथे कुत्री त्यांचा फडशा पाडायची.

"नाकेदार साहेब," कवडूजी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आमी दरसाल परवान्याचे पैसे भरतो. ते जातात कुठी? त्यातून ह्या झिऱ्यातला एक घमेलं गाय तरी निघाला का?"

गाय म्हणजे गाळ. त्यांच्या तोंडी ळ नसे. मी सरकारी उत्तर दिलं. फी खजिन्यात जमा होते. जंगलाला पैसा वेगळ्या खात्यातून येतो. या पैशाचा त्या पैशाशी संबंध नाही.

"म्हंजे चितय आमचं मरते अन् पैसा भलतीकडेच जगते," ते म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या अल्लीपुरात हरणं चणे खाऊन राह्यले, त्याले हात लावता येत नाई. इथं चितय नाई, तं त्याचा परवाना वाटून राह्यले. दोन-तीन साल हा ब्लॉक बंद काऊन नाई करत?"

शिकारीच शिकार बंद करा म्हणतो हे ऐकून मी मनात म्हटलं, स्वतःला मिळत नाही म्हणून दुसऱ्यालाही नको. मी जळका होतो, म्हणून मला सगळे जळकेच दिसायचे.

आता त्या वर्षाचं सांगतो. पौषात मी लेंड्या मोजायला बसलो. दोरी माझ्या हातात, वही डोमाजीकडे. यंदा ढीग इतके निघाले की मी हरखून गेलो. झिऱ्याच्या वरच्या अंगाला तर जिथे दोरी फिरवावी तिथे लेंड्याच लेंड्या. कवडूजी कुठल्याशा लग्नासाठी सेलूला आले होते, ते पाय मोकळे करायला डोमाजीकडे आले आणि आमच्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी एक लेंडी उचलली, बोटांत फिरवली, फोडली, हुंगली. माझ्याच वहीकडे बघत हळू म्हणाले, "साहेब, हे कायचं मोजून राह्यले?"

"चितळाचं."

"चितयाची लेंडी एका टोकाले टोकदार राह्यते, दुसऱ्या टोकाले खड्डा. हे गोल आहे. बकरीचं आहे जी हे."

ते खरं होतं हे मला त्याच क्षणी कळलं. त्या ब्लॉकमध्ये बकऱ्यांना बंदी होती. तरी दिवाळीपासून एका बकऱ्यावाल्याला मी आत चरू देत होतो, कारण तो रोज सकाळी माझ्या घरी शेरभर दूध घालत होता. माझा थोरला तेव्हा वर्षाचा होता आणि त्याला दुसरं दूध पचत नसे. म्हणजे लेंड्या बकरीच्या म्हणाव्यात तर माझी चोरी माझ्याच तोंडानं कबूल करायची. आणि ती कोणासमोर? तर कवडूजींसमोर.

"तुम्ही शेतकरी माणूस," मी म्हटलं, "हे शास्त्राचं काम आहे. यात पडू नका."

कवडूजींनी हात धोतराला पुसले आणि "बरं जी" म्हणून उठले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी आकडा सूत्रात घातला आणि जेवढ्या बकऱ्या आत गेल्या होत्या तेवढी सगळी चितळं होऊन बाहेर आली. वरचे साहेब खूश. सरकारी संगोपनाला फळ आलं असा शेरा आला. आठ परवान्यांचे सोळा झाले.

सोळा परवाने म्हणजे सोळा नर. त्या ब्लॉकमध्ये तेवढे पक्क्या शिंगांचे नर होते की नाही, देव जाणे. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

परवाने सुटले तसे त्यातले सात एकट्या अल्लीपुरात गेले. कवडूजी आणि सहा सोबती. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात दोन बंड्या आल्या, सात माणसं, सात बंदुका आणि पोत्यांत बांधलेलं बरंच सामान. मला वाटलं, फुसक्या बाराचा सूड घ्यायला म्हातारा फौज घेऊन आला. नाक्यावर नावं लिहिली. कवडूजींनी शांताला हळद दिली, ती लोणचं घेऊन आली. मी दुसरीकडे बघितलं.

एक दिवस गेला. आवाज नाही. दुसरा गेला. सात बंदुका जंगलात आणि एकही बार नाही. तिसऱ्या दिवशी डोमाजी कामाला आला नाही. बायको आजारी आहे असा निरोप आला, आणि त्याची बायको मला विहिरीवर पाणी भरताना दिसली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फासे! म्हातारा फासे लावून चितळं धरतोय, न आवाज करता, आणि परवाना पुन्हा कोराच देणार. तीन वर्षांचं कोडं सुटलं असं मला वाटलं. इतका आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता. मी शिट्टी खिशात टाकली आणि भर दुपारी, उन्हात, नाल्याच्या कडेकडेनं झिऱ्याकडे निघालो.

शंभर पावलांवर असताना माणसांचे आवाज आले. मी एका मोठ्या दगडाआड बसलो आणि बघितलं.

सात बंदुका एका टेंभुर्णीला टेकवून उभ्या होत्या, ओळीनं, आणि माणसं झिऱ्यात होती. अंगात कपडा नाही, कमरेपर्यंत चिखल. दोघं फावड्यानं गाळ ओढत होते, बाकीचे ओळ करून घमेली वर देत होते. पोत्यांतून फावडी आणि घमेली आली होती. झिऱ्याचा खड्डा पुरुषभर खोल झाला होता आणि गाळाचा ढीग काठावर पसरला होता. ओळीत सर्वांत वरचा माणूस, जो घमेलं रिकामं करून पुन्हा खाली फेकत होता, तो माझा डोमाजी. माझ्यासाठी दिवसाला चार खुंट्या ठोकताना ज्याची कंबर धरायची, तो तिथे गाणं म्हणत होता.

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगणं आज इतक्या वर्षांनीही जड जातं. ही माणसं सरकारला पैसे भरून, सरकारचं राहिलेलं काम करत होती. परवान्याशिवाय ब्लॉकमध्ये पाय टाकता येत नव्हता, म्हणून त्यांनी परवाने घेतले होते. एक परवाना कवडूजींनी अडवला की एक नर वाचायचा. तीन वर्षं ते तेच करत होते. मी आठाचे सोळा केले, म्हणून यंदा सात अडवायला लागले. दगडाआड बसून मला हे सगळं नीट कळलं. असं वाटायला हवं होतं की खाली उतरावं आणि एक घमेलं हातात घ्यावं.

मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, हे माझं जंगल आहे, आणि हे मला का सुचलं नाही.

मी शिट्टी वाजवली.

सगळे थांबले. डोमाजीच्या हातातलं घमेलं पडलं. कवडूजी चिखलातून वर आले, फडक्यानं तोंड पुसलं. "या जी साहेब," ते म्हणाले, जसा काही मी त्यांच्या शेतावर आलो होतो. "पाह्यलं का? पाणी लागून राह्यलं आता."

"परवाना शिकारीचा आहे," मी म्हटलं. "राखीव जंगलात खोदकाम करायला परवानगी नाही. पीओआर फाडावा लागेल."

पीओआर म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद. ती एकदा फाडली की मागे घेता येत नाही. ती वर जाते आणि वर गेलेल्या कागदाला खाली यायची वाट नसते.

त्यातला एक जण तावातावानं पुढे आला. "आमी काय चोरी केली? गाय काढून राह्यलो! तुमचंच काम करून राह्यलो ना?"

कवडूजींनी त्याला हातानं मागे केलं. ते मला म्हणाले, "लिहा जी. तुमचं काम आहे. फक्त दोन दिस थांबा. झरा मोकळा होऊन राह्यला, आता सोडला तं सारा पुन्ना बुजते. दोन दिसानं मीच नाक्यावर येतो, मंग लिहा काय लिहायचं ते."

दोन दिवस. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली तेवढी एकच गोष्ट. मी "आत्ताच काम थांबवा" म्हटलं आणि तिथेच दगडावर बसून लिहिलं. राखीव वनात विनापरवानगी उत्खनन, मातीची हलवाहलव, सात इसम, फावडी, घमेली. त्या कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या लेंड्यांच्या कागदापेक्षा तो कितीतरी खरा होता.

सुनावणी सेलूला रेंजर साहेबांपुढे झाली. साहेब वाईट माणूस नव्हता. फक्त समोर कागद असला की त्याला माणूस दिसत नसे. त्यानं कवडूजींना विचारलं, "खोदायची काय गरज पडली? ब्लॉकमध्ये चितळं भरपूर आहेत असं मोजणीत आलं आहे."

कवडूजींनी माझ्याकडे बघितलं. बकऱ्या, दूध, सगळं त्यांना ठाऊक होतं. डोमाजीनं सांगितलंच असणार. एक वाक्य बोलले असते तर माझा पट्टा तिथेच उतरला असता आणि त्यांची केस ढिली झाली असती.

"पाणी आटलं होतं जी," ते म्हणाले. "परवान्याचे पैसे भरले, मले वाटलं तेवढा हक आहे. चूक झाली. ह्या सहा जणाले मीच घेऊन आलतो, त्यायले काई करू नका."

सहाजण सुटले. कवडूजींचा शिकारीचा परवाना रद्द झाला आणि बंदुकीचा परवाना काढून घ्यावा अशी शिफारस झाली. बापाची बारा बोअर ठाण्यात जमा झाली. त्यांनी सही केली, चौथीतल्या मुलासारखी, एकेक अक्षर सुटं. बाहेर पडताना मला म्हणाले, "बाईले सांगजा, बरणी रिकामी करून धाडतो." आठ दिवसांनी बरणी आली. धुतलेली, आत हळदीची पुडी.

मी शांताला सगळं सांगितलं नव्हतं, पण गावात काय लपतं? तिनं बरणी माझ्यासमोर ठेवली आणि एकच वाक्य बोलली. "त्या माणसानं तुमाले वाचवलं, अन् तुमी त्याची बंदूक घेतली." नंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला तेव्हाही राग कवडूजींचाच आला. त्या माणसानं मला माफ करण्यातही माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

झिऱ्यातला उरलेला गाळ डोमाजीनं आपल्या फुरसतीत एकट्यानं काढला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या सबंध प्रकरणात माझ्या नावावर एखादं पुण्य लिहायचं झालं तर तेवढंच.

पुढची गंमत ऐका. वैशाखात वरचे साहेब पाहणीला आले. सगळा डोंगर करपलेला आणि झिऱ्यात गुडघाभर स्वच्छ पाणी, काठावर चितळांच्या खुरांची गर्दी. साहेबांनी विचारलं, "हे कोणाच्या बीटमध्ये आहे?" रेंजर साहेबांनी मला पुढे केलं. मी तोंड उघडलं नाही. पावसाळ्यात मला प्रशस्तिपत्र मिळालं, पाणवठ्याची उत्तम निगा राखल्याबद्दल. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, त्या नागोबाला निदान बिळात झोप तरी येत असेल. ते प्रशस्तिपत्र मी भिंतीवर लावलं आणि शांतानं काढून पेटीत घातलं. मी पुन्हा लावलं नाही.

बकऱ्यावाल्याला मी बाहेर काढलं. पुढच्या पौषात मी प्रत्येक लेंडी बोटात फिरवून बघितली. टोक आहे का, खड्डा आहे का. आकडा एकदम घसरला. वरून खुलासा मागवला. मी लिहिलं की मागच्या वर्षी मोजणीत माझी चूक झाली. एक वेतनवाढ थांबली. परवाने सोळावरून चार झाले, मग ब्लॉक बंद झाला, आणि ऐंशीनंतर तर हळूहळू शिकारीचे परवानेच इतिहासजमा झाले. झिरा दर दोन वर्षांनी मी आणि डोमाजी साफ करत राहिलो. त्यासाठी कधी खात्यातून पैसा आला, बहुतेक वेळा नाही आला.

सोळा-सतरा वर्षांनी, माझी बदली व्हायच्या आधीची शेवटची मोजणी झाली, त्या माघात मी अल्लीपूरला गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. शांतानं लोणच्याची बरणी दिली होती. घरी कळलं की कवडूजी शेतात आहेत.

चण्याच्या शेताच्या मध्ये चार लाकडी बल्ल्यांवर माळा होता. त्यावर ते बसले होते, हातात रिकामा तेलाचा डबा आणि एक काडी. पलीकडच्या बांधावर काळवीट आणि माद्या मिळून दहा-बारा जनावरं चण्याकडे बघत उभी होती. बंदूक ठाण्यात गेली तेव्हापासून त्या शेताची राखण डब्यावर आली होती. जनावराला गोळी घालायला कायद्याची बंदी होतीच, पण पूर्वी एक बार हवेत काढला की आठ दिवस फिरकत नसत. आता म्हातारा माणूस पहाटेपासून डबा बडवत बसे. हे मला माहीतच नव्हतं. मी कागद लिहिला तेव्हा त्यात चणे कुठे होते?

"या जी नाकेदार साहेब!" त्यांनी वरूनच ओळखलं. डोळे अजून तसेच. मी चढून शेजारी बसलो. बरणी दिली. त्यांनी आधी शांताची चौकशी केली, मग पोराची. दूध पचते का म्हणून विचारलं नाही. पोरगा तेव्हा कॉलेजात होता.

मी सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. दगडाआड बसलो ते, आणि दोन दिवस का दिले नाहीत ते. तोंडातून निघालं ते एवढंच, "कवडूजी, मी तुमच्यावर जळायचो."

"मालूम आहे ना," ते म्हणाले. "डोमाजी सांगे." आणि बरणीचं झाकण उघडून वास घेतला. "झिऱ्याले पाणी राह्यते का?"

"वैशाखातही राहतं."

"अन् चितय?"

"यंदाच मोजली. सूत्रानं दोनशेच्या वर निघतात."

त्यांनी लिंबाची एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटून चोखली, बी काढून मुठीत ठेवली. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या हरणांवर नजर ठेवून, अगदी गंभीरपणे विचारलं, "बकऱ्या सोडून?"

"बकऱ्या सोडून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि डब्यावर काडी मारली. एकदाच, अगदी हलकी. पलीकडची सगळी हरणं एकदम वळली आणि बांध ओलांडून गेली. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि लोणचं खायला लागले. थोड्या वेळानं हरणं परत आली. मी जीव खाऊन डबा बडवला, तर ती जागची हललीसुद्धा नाहीत. खोटं कशाला सांगू, मी तेव्हाही जळलो.